शेजारी बदलला की रंग बदलतो!

जुन्या वहीच्या मागचा राखाडी पुठ्ठा घ्या आणि त्याचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या कागदाच्या मधोमध ठेवा, दुसरा पांढऱ्या कागदाच्या. आता जरा लांबून बघा. काळ्यावरचा तुकडा उजळ दिसतोय ना? आणि पांढऱ्यावरचा गडद? दोन्ही एकाच पुठ्ठ्यातून निघालेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तरी डोळे ऐकत नाहीत! अदलाबदल करून बघा, म्हणजे खात्रीच पटेल.

याच गमतीने पॅरिसमध्ये एका मोठ्या शास्त्रज्ञाला कोड्यात टाकलं होतं. तिथल्या गोब्लँ कारखान्यात लोकरीच्या रंगीत धाग्यांनी भिंतीवर टांगायची भलीमोठी चित्रं विणली जात. १८२४ साली तिथल्या रंगकामाची जबाबदारी मिशेल यूजीन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. त्याच्याकडे तक्रारी यायच्या, त्यातली एक काळ्या रंगाची : निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीत वापरलेला काळा धागा फिका दिसतो. शेव्रलने ती काळी लोकर दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. लोकरीत काहीच खोट नव्हती. काळा रंग फिका पडत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे! मग शेव्रल या शेजाऱ्यांच्या मागेच लागला आणि १८३९ साली त्याने त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. चित्रकारांनी ते पुढे आवडीने वाचलं.

असं होतं तरी का? डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दाटीवाटीने असतात आणि त्या आपापलं एकटीने सांगत नाहीत. एका जागी खूप उजेड पडला, की तिथून निघणारा संदेश शेजारचा संदेश थोडा दाबतो. म्हणून मेंदूला कळतो तो मुख्यतः फरक : इथे जास्त, तिथे कमी. रंगांचंही तसंच. हिरव्याशेजारी लाल जास्तच लाल वाटतो, निळ्याशेजारी नारिंगी पेटून उठतो.

हे सगळं गोधडीत छान बघायला मिळतं. जुनी लुगडी, धोतरं, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक ठेवून, धावदोरा घालून शिवलेली गोधडी घरात असेल तर ती अंगणात पसरा आणि डोळे किलकिले करून बघा. बारीक नक्षी पुसट होईल आणि फिकट-गडद ठिगळंच उठून दिसतील. मला तर गोधडी बघायची ही सगळ्यात सुंदर पद्धत वाटते. मोबाइलवर तिचा कृष्णधवल फोटोही काढा. एरवी एकमेकांशी भांडणारे लाल आणि हिरवा फोटोत कधीकधी एकाच राखाडी रंगाचे होतात! म्हणजे रंग वेगळे असले, तरी त्यांचा उजळपणा सारखाच होता.

आता कागदाची गोधडी करू. जुन्या लग्नपत्रिका, घोटीव कागद, मासिकांची पानं, काहीही चालेल. फिकट आणि गडद असे दोन ढीग करा. कुठला तुकडा कुठल्या ढिगात, हे ठरेना झालं की डोळे किलकिले करा. मग पुठ्ठ्याचे १६ सारखे चौकोन कापा आणि प्रत्येकावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. रेघेच्या एका बाजूला फिकट तुकडे चिकटवा, दुसऱ्या बाजूला गडद.

चौकोन चार-चारच्या रांगांत मांडा, पण इतक्यात चिकटवू नका. आधी ते फिरवून बघा. कधी मधोमध हिरा उमटेल, कधी भिरभिरं, कधी तिरके पट्टे. प्रत्येक चौकोन चार दिशांना ठेवता येतो, म्हणजे ४ ला ४ ने गुणत गुणत १६ वेळा ४ घ्यायचे. उत्तर येतं ४२९ कोटींहून जास्त! ते सुद्धा चौकोनांच्या जागा न बदलता. सगळ्यात आवडलेल्या मांडणीचा फोटो काढून ठेवा, मगच डिंकाची बाटली उघडा.