राजीमला जावं ते मेळा नसताना

रायपूरच्या मराठी घरात पाहुणा आला की आधी दूधाधारी मठ आणि बूढा तालाब होतो. एखादा दिवस उरलाच तर राजीम. समुद्र इथून फार लांब. पण बोटीवरचा प्रवासी बंदरात दिवसभरापुरता उतरतो, तसं काठावर रेंगाळायचं असेल, तर ४५ किलोमीटरवरचं हे महानदीकाठचं गाव बरं. अभनपूरहून फुटणारी जुनी छोटी लाइन गेली. २०२५पासून मोठ्या रुळांवरची मेमू थेट राजीमला पोचते.

अलीकडे नवापारा, पूल ओलांडला की राजीम. महानदी, पैरी आणि सोंढूर इथे भेटतात. काठावरचं राजीवलोचनाचं, म्हणजे विष्णूचं मंदिर साधारण आठव्या शतकातलं. नल राजा विलासतुंगाचा शिलालेख आणि जगपालाचा ११४५चा लेख तिथेच आहेत. मंडपाच्या खांबांवरची शिल्पं सावकाश बघावीत. पुजारी ब्राह्मण नाहीत, क्षत्रिय आहेत. राजीम नावाच्या तेलिणीला मूर्ती सापडली, तिचंच नाव गावाला पडलं, अशी आख्यायिका आहे. आवारात तिचंही देऊळ आहे आणि ७ जानेवारीला तेली समाज तिची जयंती करतो.

मला मात्र गुंतवून ठेवलं ते घाटावरच्या एका म्हाताऱ्या केवटानं, म्हणजे नावाड्यानं. पावसाळा नुकताच सरलेला, पात्रात बऱ्यापैकी पाणी. संगमात उंच जोत्यावर उभ्या कुलेश्वर महादेवाकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘‘ओ भांचा आय,’’ म्हणजे तो भाचा. मामाचं देऊळ काठावर. पूर चढला की भाचा हाक मारतो, ‘मामा, बुडतोय, वाचव!’ पाणी मामाच्या पायांना लागलं की ओसरायला लागतं. म्हणून, ‘‘मामा-भांचा एके डोंगा म नइ बइठंय.’’ एका नावेत दोघं बसत नाहीत, नाव बुडते. आणि बसायची वेळ आलीच तर? ‘‘एकाला काठावर ठेवतो, दुसऱ्या फेरीत नेतो,’’ म्हातारा हसून म्हणाला. छत्तीसगड हे कौसल्येचं माहेर मानतात, म्हणजे राम इथला भाचा. त्यामुळे इथे मामाच भाच्याच्या पाया पडतो. आपल्याकडच्या मामाला हे सांगून पाहा!

आता कुलेश्वराला जायला झुलता पूल झालाय. सोय उत्तम, वरून संगमही छान दिसतो. पण डोंग्याला गिऱ्हाईक कमी झालं. ‘‘फोटो काढायला बसतात, जायला नाही,’’ म्हातारा म्हणाला. त्याचा मुलगा रायपूरला कामाला जातो.

माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत इथे मेळा भरतो. त्याचा आधी कुंभ झाला, २०१९मध्ये पुन्नी मेळा झाला, २०२४मध्ये पुन्हा कुंभ कल्प. सरकार बदललं की पाटी बदलते. पात्राचे हाल मात्र तेच: मेळ्यासाठी वाळूवर मुरूम टाकून रस्ते करायचे, आणि नंतर तो मुरूम नदीनं आपल्या पोटात घ्यायचा. तीन नद्यांच्या नावानं पुण्य मागायचं आणि त्यांच्याच पात्रात भर घालायची, हे काही बरं नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनी पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे जावं. जाताना पुलावरून जा, येताना डोंग्यातून या. सोबत मामा असेल तर दोन फेऱ्यांचे पैसे ठेवा. आणि मेळा भरवणाऱ्यांना एकच विनंती: नाव काय हवं ते द्या, पण तंबू उठले की पात्रातला मुरूमही उचला.