सुवार्ता सांगायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आजच्या भागाचा विषय मला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मिळाला. डबा खाताना एका मित्राने सहज विचारलं, "काय रे, तुम्हा ख्रिस्ती लोकांना माणसं जोडायचं टार्गेट असतं का?" सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगू? उत्तर मला नीट देता आलं नाही. दर रविवारी चर्चला जातो, आणि या एका प्रश्नावर गप्प बसलो. म्हणून आज ते उत्तर देतोय.

सुरुवात मुळापासून करू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येशू शिष्यांना सांगतो की जा, सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, शिकवा. ख्रिस्ती लोक जगभर का गेले, याचं मूळ इथे आहे. पण याच्या जोडीला प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय, आठवं वचन वाचायला हवं. तिथे येशू शिष्यांना म्हणतो की तुम्ही माझे साक्षी व्हाल, आणि मग ठिकाणं सांगतो: यरुशलेम, यहूदीया, शोमरोन आणि पृथ्वीचा शेवट.

हा क्रम बघा. यरुशलेम म्हणजे ते आत्ता आहेत ते शहर. यहूदीया म्हणजे आसपासचा आपला मुलूख. पृथ्वीचा शेवट म्हणजे परदेश. मग मधलं शोमरोन काय? यहुदी आणि शोमरोनी शेजारी होते, पण त्यांच्यात येणं-जाणं नव्हतं. म्हणजे जवळ राहूनही ज्यांच्याशी आपण बोलत नाही, ती माणसं. मला विचाराल तर परदेशापेक्षा हाच टप्पा अवघड आहे.

आता दुसरा शब्द: साक्षी. साक्षीदार काय करतो? जे पाहिलं, अनुभवलं ते सांगतो. निकाल देणं त्याचं काम नाही. हा फरक विसरला की गडबड होते.

दोन उदाहरणं देतो. पहिलं परदेशी जाण्याचं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने इथली भाषा शिकून 'क्रिस्तपुराण' लिहिलं, तेही ओवीत. ते १६१६ साली छापलं गेलं. आम्ही ॲप मराठीत आणतो तेव्हा फक्त बटणांवरचे शब्द बदलतो. याने गोष्ट सांगायची रीतच इथली घेतली. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच काळात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली, लोकांवर दडपण आणलं. सत्ता पाठीशी आली की साक्ष मागे पडते आणि जबरदस्ती पुढे येते.

दुसरं उदाहरण घरचं, रेव्हरंड नारायण वामन टिळक. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या, आणि त्याने त्यांना नवा करार दिला. बस, एवढंच. पुढे टिळकांनी स्वतः वाचलं, विचार केला आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, संसार काही वर्षं मोडला. तो सगळा काळ लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलाय, जरूर वाचा. नंतर त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण स्वतःला पटल्यावर. आणि टिळकांनी येशू सांगितला तो अभंग, भजन, कीर्तनातून. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

आता कायद्याचं. संविधानाचं कलम २५ आपल्या सगळ्यांना धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा आहेत. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर वाद आहेत. पण मला त्यात साक्षीदाराचीच मर्यादा दिसते. सांगणं माझं, ठरवणं समोरच्याचं. पैसा, भीती किंवा औषधपाण्याच्या बदल्यात मिळवलेला होकार हा विश्वास नव्हेच.

मग त्या मित्राला काय सांगू? सांगेन की टार्गेट नाही रे. मला जे मिळालं ते लपवून ठेवू नये, एवढीच आज्ञा आहे. तू विचारलंस तर सांगेन, आणि तुझं ऐकूनही घेईन. तुला नाही पटलं तरी उद्या डबा एकत्रच खाऊ.

परवा हे त्याला खरंच सांगितलं. तो म्हणाला, "मग सांग की, तुला काय मिळालं?" त्या दिवशी आमचा लंच ब्रेक जरा लांबला.

तुमचं शोमरोन कोणतं, विचार करा. भेटू पुढच्या भागात!