मुद्दल तेवढे घ्यावे

शिवाजी महाराजांनी 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले पत्र इतिहासाचे अभ्यासक आवडीने वाचतात. माझ्या मते ते बँकवाल्यांनी वाचायला हवे. नांदगाव खंडेश्वरच्या एका शाखेत पीककर्जाच्या टेबलावर मी बसलो नसतो, तर त्यातली मेख मलाही कळली नसती.

पत्रातला हुकूम असा : सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत. ज्याच्या घरी राबणारी माणसे आहेत पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावेत, पोटाला खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. वसुली फक्त मुद्दलाची, तीही त्याला ताकद येईल तशी, हळूहळू. जुनी बाकी कुळाला मोडीत काढत असेल तर ती माफ करून मग कळवावे. सनद मागून मिळेल. आधी माफी, नंतर मंजुरी! आम्हाला साधे दंडव्याज सोडायचे तरी कागद वर पाठवावा लागे.

हे भाबडे औदार्य नव्हते. पडीक जमीन लागवडीला आली की सारा वाढतो, सोडलेले व्याज तिथे भरून निघते.

याच्या पाचशे वर्षे आधी चीनमध्ये झू शी (1130-1200) या तत्त्वज्ञाने हाच प्रश्न हाताळला होता. कन्फ्यूशियसच्या विचाराची नवी मांडणी करणारा हा पंडित. पण 1168 च्या टंचाईत त्याने सरकारकडून 600 शी (धान्याचे चिनी माप) धान्य मिळवून गावकऱ्यांना उसने दिले आणि 1171 मध्ये गावातच कोठार बांधले. व्याज शेकडा 20. पीक कमी आले तर निम्मे, दुष्काळ पडला तर माफ. चौदा वर्षांत सरकारचे 600 शी परत गेले आणि 3100 शी शिल्लक राहिले. मग व्याज बंद. घट-तुटीपोटी शेकडा तीन तेवढे घ्यायचे. त्याआधी 1069 मध्ये वांग आनशी या मंत्र्यानेही शेतकऱ्यांना सरकारी कर्जे दिली होती. ती का फसली? झू शीचे निदान मला आजही पटते : धान्याऐवजी पैसा दिला, कारभार गावाऐवजी तालुक्याला ठेवला, माणसे गावची नव्हेत तर सरकारी, आणि ओढ वसुलीची.

आमच्याकडे मार्चअखेर ‘नवे-जुने’ चाले. सावकाराकडून पैसे आणून खाते भरायचे, नवे कर्ज उचलून सावकाराला द्यायचे. वही स्वच्छ, वावर तसेच. एका म्हाताऱ्या कास्तकाराने मला विचारले होते, ‘‘साहेब, बैल इकून खातं भरतो, मंग पेरू कायनं?’’ उत्तर देण्याचा अधिकार माझ्या खुर्चीला नव्हता.

2008 ची केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा संपूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर होती. त्यावर जमीन असलेल्याने उरलेली रक्कम भरली तरच सवलत. ओलिताचे दोन हेक्टर आणि आमचे कोरडवाहू दोन हेक्टर एकाच मापात! आठ एकर कोरडवाहू पऱ्हाटीवाला त्या मापाने मोठा शेतकरी ठरला. घरात राबणारी माणसे किती आणि दावणीला बैल आहेत की नाहीत, हे विचारणारा रकाना त्या यादीत नव्हता.