सहाशे खिळ्यांचा प्रश्न

वार्षिक अंकाची तयारी सुरू झाली म्हणजे विद्यार्थी मुखपृष्ठाविषयी हिरिरीने वाद घालतात. चित्र कोणते असावे, रंग कोणता असावा, शाळेचे बोधचिन्ह वर असावे की खाली, यावर सर्वांची मते असतात. अक्षराविषयी मात्र कोणी बोलत नाही. विहिरीच्या पाण्याप्रमाणे ते आपण गृहीत धरलेले असते. वस्तुतः छापील पानाचे निम्मे रूप अक्षराच्या वळणावर ठरते. आपल्या देवनागरी अक्षराला छापखान्याचा उंबरठा ओलांडण्यास किती सायास पडले, याची कथा तर आपल्या गोमंतकातच सुरू होते.

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला आणि सेंट पॉल कॉलेजात उभा राहिला. पुढे १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक येथे आले. त्यांनी मराठी इतकी आत्मसात केली की, ओवीछंदात प्रचंड 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. पण रोमन लिपीत! ट, ड, ळ या वर्णांसाठी रोमन अक्षरे दुहेरी योजून वेळ निभावून न्यावी लागली. स्टीफन्सना देशी लिपीचे वावडे होते, असे कोणी समजू नये. १६०८ साली रोमला धाडलेल्या पत्रात, या प्रांताच्या भाषेत आणि तिच्याच लिपीत ग्रंथ छापले जावेत ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यांनी कळविली होती. अडचणही सांगितली होती: युरोपात चोवीस अक्षरांनी भागते, येथे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील.

हा आकडा अतिशयोक्तीचा नव्हे. आपणच हिशेब करून पाहावा. 'ळ' धरून आपली व्यंजने चौतीस. प्रत्येकाची बाराखडी केली की चारशे आठ रूपे झाली, आणि अद्याप एकही जोडाक्षर आलेले नाही. क्त, द्ध, ष्ट, ह्म, श्र अशी मंडळी येऊ लागली म्हणजे सहाशेची मर्यादा सहज ओलांडली जाते. मलबारच्या बाजूस तमिळ अक्षरांत १५७८ सालीच पुस्तक छापले गेले होते, त्याचे एक मर्म येथेच आहे. तमिळ लिपीत जोडाक्षरांचा हा पसारा नाही.

एक साचा म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. हा झाला पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. त्यास मातृका म्हणतात. मातृकेत शिशाचा मिश्र रस ओतला म्हणजे खिळा तयार होतो. खिळे हजारोंनी पाडता येतात. पण पंच मात्र एकेक करून, केसाइतकीही चूक न होऊ देता, माणसाने हाताने कोरावयाचा. असे सहाशे!

स्टीफन्सची इच्छा गोव्यात पुरी झाली नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील मुद्रण थंडावले, ते १८२१ सालीच पुन्हा जागे झाले. देवनागरीचा प्रश्न मधल्या काळात दूर बंगालमध्ये हाती घेतला गेला. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जामात मनोहर यांनी नागरीचे पंच कोरावयास घेतले. त्यांची संख्या सुमारे सातशे होती. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण तेथेच १८०५ साली छापले गेले. मराठीला स्वतःच्या लिपीतील खिळा लाभला तो असा परप्रांतात.

मुंबईच्या कारागिरांनी त्याला डौल दिला. जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइप पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला. अक्षरे कोरणारे त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही, हे मला अन्यायाचे वाटते. निर्णयसागरची एखादी जुनी संस्कृत पोथी मिळाली तर अवश्य उघडून पाहावी. 'क'च्या पोटातील पांढरी जागा आणि दोन ओळींमधील मोकळीक यांकडे लक्ष द्यावे. वरची वेलांटी आणि खालचा उकार यांना श्वास घेण्यास जागा हवी. रोमन ओळींच्या अंतराने देवनागरी ओळी लावल्या की पान गुदमरते.

खिळे कमी करण्याची युक्ती लिपीच्या घडणीतच दडलेली होती. ग, म, त, स यांचा काना काढून घेतला की अर्धे अक्षर उरते. काना पुन्हा जोडला की पूर्ण होते. म्हणजे एका तुकड्याने दोन कामे होतात. ट, द, ह यांना असा काना नाही. छळ आहे तो त्यांचाच. मात्रा आणि वेलांट्या सुट्या पाडल्या तर संख्या आणखी घटते. पण बाहेर झुकलेले नाजूक टोक छापताना दाबाखाली मोडण्याचे भय असते. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी या प्रश्नात लक्ष घातले होते. सावरकरांनी तर इ, उ हे स्वर 'अ'लाच वेलांटी व उकार देऊन लिहावेत, असा आग्रह धरला. हिशेब चोख होता. डोळ्यांना मात्र तो रुचला नाही, आणि माझ्या मते डोळ्यांचेच बरोबर होते.

आता शिशाचे खिळे बहुतेक ठिकाणी मोडीत गेले. संगणकाच्या युनिकोड या सर्वमान्य संकेतात देवनागरीच्या मुख्य तक्त्याला अवघी १२८ घरे आहेत. मग सहाशे कोठे गेले? ते गेले नाहीत. चांगल्या देवनागरी टाइपात जोडाक्षरांसह शेकडो रूपे आजही कोणीतरी रेखाटावीच लागतात. 'मंगल' हा संगणकावर घरोघरी पोचलेला टाइप र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराच्या हातचा आहे.

एखादे रूप गळाले तर बिघडते काय, असे कोणी विचारील. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दर्‍या' म्हणजे डोंगरांमधल्या घळी. भेद एवढाच की, एकात रफार आहे आणि दुसर्‍यात 'र'ची आडवी, पापणीसारखी खूण. ती खूण नसेल तर सह्याद्रीत समुद्र शिरेल. प्रस्तुत अंकाची मुद्रिते तपासताना स्नेहसंमेलनाच्या वृत्तात 'आचार्‍यांनी भोजन उत्तम केले' या वाक्यातील आचार्‍यांचे दोनदा आचार्य झालेले आढळले. दोन्ही वेळा खूण जागेवर बसवून मुद्रिते परत धाडली आहेत.