डिझेल गाडीस पहाटेची ऊब

हिवाळ्याच्या पहाटे डिझेल गाडीची किल्ली फिरविली, की समोर वेटोळ्या तारेसारखे एक पिवळे चिन्ह उजळते. पुष्कळ जण त्याकडे लक्ष न देता लागलीच सेल्फ मारतात. मग इंजिन नुसते घरघरते, पांढरा धूर सोडते आणि बॅटरी मात्र उतरते. घरातील आजाऱ्यास दवाखान्यात न्यावयाचे असेल, तर ही घाईच खोळंब्यास कारण होते. म्हणून त्या चिन्हाचा अर्थ घरातील सर्वांनीच जाणून घेतलेला बरा.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हा अनुभव मुलांनाही आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हेच तत्त्व वापरून १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. आजच्या इंजिनातही सिलिंडरमधील हवा दाबून सुमारे सोळा ते वीस पटींनी लहान केली जाते. तिचे उष्णतामान पाचशे अंशांच्या वर जाते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते.

परंतु रात्रभर गारठलेल्या इंजिनाचे लोखंड ही उष्णता शोषून घेते. ऑइल दाट झाल्यामुळे इंजिन जड फिरते आणि थंडीने बॅटरीचेही बळ घटते. डिझेल फवारले जाते, पण धड पेटत नाही. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफच होय.

ही उणीव भरून काढण्यासाठी बहुतेक डिझेल मोटारींत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग बसविलेला असतो. हा पेन्सिलीसारखा बारीक दांडा असून विजेने त्याचे टोक आठशे अंशांहूनही अधिक तापून लाल होते. जुन्या गाड्यांत यास वीस-तीस सेकंद लागत, नव्या गाड्यांत दोन-चार पुरतात. दिवा विझला, की समजावे, इंजिन तयार आहे. मगच सेल्फ मारावा. गाडी सुरू झाल्यावरही प्लग थोडा वेळ तापत राहतात, त्यामुळे धूर व खडखड कमी होते. एखादा प्लग जळाला, तर ते सिलिंडर थंडच राहते व गाडी हिसके देत सुरू होते. अशा वेळी मिस्त्रीस दाखवावे.

अर्थात कडाक्याच्या थंडीत एकटा प्लग पुरत नाही. डिझेलमधील मेणासारखा अंश गोठून फिल्टर तुंबतो. याचसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसारख्या प्रदेशाकरिता उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंजिन सुरू झाल्यावर ते उभ्या-उभ्या दहा-पंधरा मिनिटे चालवीत ठेवण्याची गरज नसते. अर्धा-एक मिनिट थांबून गाडी सावकाश हाकावी, तिला ऊब लवकर येते व डिझेलही वाचते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दारे लावलेल्या खोपीत इंजिन कदापि चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वासही नाही. तो माणसास नकळत बेशुद्ध करून त्याचे प्राण घेऊ शकतो. गाडी आधी उघड्या अंगणात काढावी, मग खुशाल तापू द्यावी.