वेग पेलणारे पाय

थरोब्रेड जातीच्या घोड्याला वेग वंशातूनच मिळालेला असतो, त्यामुळे शर्यतीसाठी त्याची तयारी करून घेणे म्हणजे मुख्यतः तो वेग पेलणारे पाय घडवणे होय. हृदय, रक्त आणि स्नायू व्यायामाला काही आठवड्यांतच साथ देऊ लागतात. हाडांना महिने लागतात, आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा तर प्रौढपणी व्यायामाने फारशा सुधारतच नाहीत. दम भरून आला आहे पण पाय अजून कच्चे आहेत, अशी मधली अवस्था त्यामुळेच सर्वांत धोक्याची असते, आणि उतावळ्या मालकाला नेमकी तीच दिसत नाही.

दोन वर्षांच्या घोड्याच्या पुढच्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचे लांब हाड, पुढच्या बाजूने ठणकू लागणे हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव आहे. नुसत्या मैलोगणती संथ दौडीने हे टळत नाही. हाड जो ताण सोसते त्याच ताणासाठी स्वतःला घडवते, आणि संथ चालीतला ताण भरधाव दौडीतल्या ताणाहून वेगळ्या दिशेने पडतो. म्हणून एखाद्या फर्लांगाची, म्हणजे सुमारे २०० मीटरची, वेगवान धाव लवकर सुरू करून ती बेताबेताने वाढवणे अधिक हिताचे ठरते.

महाराष्ट्रात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर आणि पावसाळ्यात पुण्यात होतात. महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी, जी १९४३ मध्ये सुरू झाली, २,४०० मीटरची आहे. या अंतरासाठी घोडा तयार करणारा ट्रेनर घड्याळ पाहतोच, पण त्याहून मोलाची बातमी तबेल्यात मिळते: मोतद्दार नळीमागच्या कंडरेवरून बोटे फिरवतो आणि एका पायाची ऊब दुसऱ्याशी ताडून पाहतो, आणि पाय किंचित जरी गरम लागला तरी त्या दिवशीची दौड रद्द होऊन घोड्याला नुसते चालवले जाते. चंदी उष्टी राहिली, तर तीही खूणच.

जमिनीची निवड हाही तयारीचाच भाग आहे. लांब पुळणीवर ओहोटीनंतर जी ओली, दबलेली वाळू उघडी पडते तिच्यावर उत्तम घोडा घडू शकतो, हे इंग्लंडमधील साउथपोर्टच्या किनाऱ्यावर सराव करणाऱ्या रेड रमने दाखवले. खुरातल्या हाडाचा विकार असूनही या घोड्याने १९७३, १९७४ आणि १९७७ मध्ये ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकली. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू मात्र टाळावी लागते, कारण तीत खूर रुतून कंडरांवर ताण येतो. त्यामुळे अशा ठिकाणी भरती-ओहोटीचे गणित मांडल्याशिवाय दौडीची वेळ ठरवता येत नाही.