वाचाल तर वाचवाल!

सोमवारी सकाळी बॉसने चाळीस पानांची पीडीएफ फॉरवर्ड केली आणि वर 'प्लीज गो थ्रू' असं लिहिलं, की आपल्या पोटात गोळा येतो. मग आपण काय करतो? पहिलं पान, शेवटचं पान, मधले दोन ग्राफ बघायचे आणि मीटिंगमध्ये मान डोलवायची. चालून जातं. आता कल्पना करा, अशा पीडीएफ रोज येतायत, एकही टाळता येत नाही आणि मीटिंगऐवजी समोर पेशंट आहे. वेलकम टू नर्सिंग कॉलेज!

नर्सिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा ड्रेस, इंजेक्शनचा ट्रे आणि हिंदी सिनेमातली 'बधाई हो'वाली सिस्टर येते. अभ्यास? तो तर डॉक्टर करतात ना! माझी मामेबहीण लातूरजवळच्या गावातून पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगला आली, तेव्हा तिच्या बॅगेतली पुस्तकं उचलताना माझ्या फ्लॅटमेटचा खांदा दुखावला. 'रॉस अँड विल्सन' हे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचं, 'पॉटर अँड पेरी' हे नर्सिंग फाउंडेशनचं. दोन हजारांहून जास्त पानांचं 'ब्रुनर अँड सुदार्थ' तर अजून यायचंच होतं.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नवा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून लागू झाला आणि चार वर्षांचे आठ सेमिस्टर झाले. पहिल्याच सेमिस्टरमध्ये अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशन. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी जर्नल आणि केअर प्लॅन लिहायचा. वाचायचं कधी? रात्री दहानंतर, हॉस्टेलच्या कॉटवर, पेंगत पेंगत.

संस्कृती आणि संवेदनशीलता!

पण खरा घोळ पानांच्या संख्येचा नव्हताच. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची मराठी शाळा, बारावी सायन्स नावापुरतं इंग्लिशमध्ये, आणि आता सगळी पुस्तकं थेट इंग्लिश. पोरगी बिचारी प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडायची. आणि डिक्शनरी काय सांगणार? 'व्हॉइड' म्हणजे पोकळी. नर्सिंगच्या पुस्तकात पेशंट 'व्हॉइड' करतो म्हणजे लघवी करतो! 'लेबर' म्हणजे मजुरी, 'स्टूल' म्हणजे बसायचं स्टूल. कहर म्हणजे 'कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी'. तिने वहीत इमानदारीत लिहिलं होतं, 'संस्कृती आणि संवेदनशीलता'. प्रत्यक्षात ती जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं अँटिबायोटिक चालतंय हे बघायची टेस्ट. आम्ही दोघी पोट धरून हसलो खऱ्या, पण एका पानाला पाऊण तास लागत असेल तर हसू किती टिकणार?

दिवाळीनंतर मामाचा फोन आला. "पोरी, ती म्हणती बी.ए. करते, हे न्हाई जमत. तू तिथं हायस, जरा बघ तिच्याकडं." फीसाठी काढलेल्या कर्जाचा विषय मामाने काढला नाही. तो काढणारही नाही. म्हणूनच मला जास्त टेन्शन आलं.

मग गाईड वाच ना!

हा सल्ला तिला सीनियर्सनी पहिल्याच आठवड्यात दिला होता. खरं सांगायचं तर मला गाईडचा राग नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पानभर उत्तर कसं मांडायचं, हे गाईडच शिकवतं. पण ते तेवढ्यापुरतंच.

का, ते तिनेच मला सांगितलं. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, ४० वालीचं टोपण लाल आणि १०० वालीचं केशरी. शंभरची बाटली आणि चाळीसची सिरिंज अशी जोडी जमली, तर पेशंटला डोस जातो अडीचपट. शुगर धाडकन खाली, पेशंट बेशुद्ध. उलटी जोडी जमली तर निम्म्याहूनही कमी. पोटॅशियम क्लोराइडचं तर विचारूच नका! ते न मिसळता सरळ शिरेत दिलं, तर हृदय बंद पडू शकतं. हे सगळं पुस्तकात एखाद्या चौकटीत दोन ओळींत असतं. तीच चौकट झोपेत निसटली तर? "ताई, मला नापास व्हायची भीती नाही गं. पास होऊन चुकायची आहे," ती म्हणाली. हे ऐकल्यावर 'बी.ए. कर' असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

हायलायटर गँग

तिच्या पुस्तकाची पानं बघितली तर पिवळी, गुलाबी, हिरवी. सगळंच महत्त्वाचं! आपणही हेच करतो की. आणि एकच धडा चार वेळा वाचला की वाटतं, येतंय. तिथेच गंमत आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणजे वाचून होणारी ओळख वेगळी, आठवण वेगळी.

तेव्हा आम्ही दर रविवारी माझ्या फ्लॅटवर नवा फंडा सुरू केला. पुस्तक उघडायच्या आधी धड्याच्या शेवटचे प्रश्न वाचायचे. मग मथळे, आकृत्या, चौकटी. मग धडा, तोही तुकड्या-तुकड्यांनी. एक तुकडा झाला की पुस्तक बंद आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते मराठी-इंग्लिश खिचडीत लिहायचं. पहिल्या रविवारी किडनीवर तिला चार ओळी आल्या आणि ती रडकुंडीला आली. मी चहा केला. दुसरा काही उपाय माझ्याकडे नव्हता. तिसऱ्या-चौथ्या रविवारी पान भरलं.

शब्दांचं कोडं मात्र तिने स्वतःच सोडवलं, आणि मला तेच सगळ्यात भारी वाटतं. मेडिकलचे शब्द लांबलचक दिसतात, पण ते रेल्वेचे डबे आहेत. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टमी' आलं की कापून काढणं. पुढे 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद. 'नेफ्रो' किडनी, 'हिपॅटो' लिव्हर. असे पन्नास-साठ डबे पाठ केले की कुठलीही गाडी जोडता येते. औषधांचंही तसंच. शेवटी 'ओलोल' असलेली अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल ही मंडळी नाडी मंद करतात, म्हणून द्यायच्या आधी नाडी मोजायची. 'प्रिल'वाली एनालाप्रिल, रामिप्रिल बीपी उतरवतात आणि काहींना कोरडा खोकला लावतात. एका शेपटीत अख्खं खानदान!

हे डबे ती कार्डांवर लिहून मिठाईच्या खोक्यात ठेवते. खोक्याला पुठ्ठ्याचे पाच कप्पे आहेत. आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे हळूहळू जास्त दिवसांनी. ही आयडिया सेबॅस्टियन लाइटनर नावाच्या माणसाची, १९७२ च्या जर्मन पुस्तकातली. तो पत्रकार होता, हे मी कॉलर ताठ करून चारदा सांगितलंय.

आणि वॉर्ड? तो तर चालता-बोलता रिव्हिजन क्लास. दिवसा ज्या पेशंटचा केअर प्लॅन लिहिला, त्याच आजाराची पानं त्या रात्री वाचायची, मग वेळापत्रकात काहीही असो. दम्याच्या आजींची शिट्टीसारखी घरघर कानात असताना 'व्हीझिंग' हा शब्द पुन्हा बघावा लागत नाही.

एक राहवत नाही म्हणून बोलते. वाचायचं कसं, हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. इंग्लिशच्या तासाला संभाषण आहे, पत्रलेखन आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलींसाठी पहिल्या महिन्यात निव्वळ शब्दांच्या डब्यांवर दहा तास ठेवले तर काय बिघडेल? मुली नापास झाल्या की 'इंग्लिश कच्चं' म्हणून मोकळं व्हायचं, हे काही पटत नाही.

असो. पहिला सेमिस्टर निघाला, दुसराही. अ‍ॅनाटॉमीत फार दिवे लावले नाहीत, फिजिऑलॉजीत बरे मार्क आहेत. आता तिसऱ्यात फार्माकॉलॉजी सुरू झालंय आणि मिठाईचं खोकं ओसंडून वाहतंय. परवा तिचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा बी.ए.

"ताई, तुझ्या फ्लॅटमेटच्या ऑफिसात दिवाळीला सोनपापडी येते ना? या वेळी दोन मोठी खोकी ठेव माझ्यासाठी. सोनपापडी तुम्हीच खा."